जिल्हा परिषद शाळेची व्यवस्थापन समिती : सदस्य कसं व्हायचं, पैसा कुठून येतो आणि सही कशावर करायची

शाळा सुरू झाली की फाटकाजवळच्या फळ्यावर खडूने एक ओळ उमटते : ‘अमुक तारखेला सकाळी ११ वाजता पालक सभा. सर्वांनी उपस्थित राहावे.’ पेरणीची घाई असते. मुलांच्या अभ्यासाबद्दलच असणार काहीतरी, असं म्हणून लोक जात नाहीत. ज्या वर्षी समितीची मुदत संपलेली असते, त्या वर्षी याच सभेत पुढच्या २ वर्षांसाठी शाळेच्या खात्यावर कोणाची सही चालणार ते ठरून जातं. मग वर्षभर पारावर चर्चा, की शाळेचा पैसा जातो कुठे?

जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा हे इथं डोळ्यासमोर ठेवलं आहे. नगरपालिका-महापालिकेच्या शाळांनाही समितीचा नियम लागू आहे, आणि अनुदानित खासगी शाळांनाही. विनाअनुदानित शाळा मात्र त्यातून बाहेर. अल्पसंख्याक संस्थांच्या अनुदानित शाळांत समिती फक्त सल्ला देते.

शाळा नेमकी कोणाची?

गावाची म्हणतात, पण कागदावर ती जिल्हा परिषदेची. महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम १९६१ चा, आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या. तेव्हापासून गावोगावच्या प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आहेत. वरून खाली उतरंड अशी : मुख्य कार्यकारी अधिकारी, शिक्षणाधिकारी (प्राथमिक), तालुक्याला गटशिक्षणाधिकारी, त्याखाली विस्तार अधिकारी, मग केंद्रप्रमुख (आसपासच्या काही शाळांवर देखरेख करणारा) आणि शेवटी मुख्याध्यापक. निवडून आलेल्यांच्या बाजूने जिल्हा परिषदेची शिक्षण समिती असते. २०२२ मध्ये बऱ्याच जिल्हा परिषदांची मुदत संपली, निवडणुका रखडल्या आणि तिथं प्रशासक बसला. त्या काळात ही लोकांची बाजू रिकामीच राहिली.

यात एक गंमत आहे, ती ठाऊक नसेल तर माणूस चुकीच्या दारात उभा राहतो. शिकवण्याचा कारभार शालेय शिक्षण विभागाचा. पण जिल्हा परिषदेचे शिक्षक हे जिल्हा परिषदेचे कर्मचारी, त्यामुळे त्यांच्या बदल्यांचं धोरण ग्रामविकास विभागाचं. भरती होते राज्याच्या ऑनलाइन पवित्र पोर्टलवरून. म्हणजे ‘आम्हाला अमुक गुरुजी द्या’ असा ठराव समितीने कितीही वेळा केला तरी शिक्षक नेमण्याचा अधिकार तिला नाही. जागा रिकामी आहे, हे ठरावाने लेखी कळवण्याचा अधिकार मात्र पुरेपूर आहे, आणि तो वापरावा.

समितीत कोण बसू शकतं

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्याच्या कलम २१ ने समिती सक्तीची केली. महाराष्ट्राने १७ जून २०१० ला शासन निर्णय काढून तिची रचना ठरवली. समितीत किमान १२ आणि कमाल १६ जण असतात, सदस्य-सचिव सोडून. सदस्य-सचिव म्हणजे मुख्याध्यापक. सदस्यांपैकी ७५ टक्के पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला.

समिती १२ जणांची असेल तर ९ पालक. उरलेल्या ३ जागांवर स्थानिक प्राधिकरणाचा एक लोकप्रतिनिधी (गावात बहुधा ग्रामपंचायत सदस्य), शिक्षकांनी आपल्यातून निवडलेला एक शिक्षक आणि पालकांनी निवडलेला एक स्थानिक शिक्षणतज्ज्ञ. ‘तज्ज्ञ’ या शब्दाला घाबरू नका, गावातले निवृत्त गुरुजी किंवा बाई इथं छान बसतात. शिवाय २ विद्यार्थी, त्यात किमान एक मुलगी. त्यांना मत नसतं. दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्या मुलांच्या प्रमाणात जागा द्याव्या लागतात. शाळेत निम्मी मुलं वाडीवरची किंवा पाड्यावरची असतील आणि समितीत सगळी गावठाणातली आडनावं दिसत असतील, तर ती रचनाच चुकीची आहे.

पालक सदस्याची पात्रता एकच : मूल त्या शाळेच्या पटावर असणं. शिक्षणाची अट नाही, मालमत्तेची नाही, अंगठा लावणारी आईसुद्धा सदस्य होते. मूल शाळेतून गेलं की पालक म्हणून बसण्याचा आधारही जातो. म्हणून शेवटच्या वर्गातल्या मुलाच्या बापाला अध्यक्ष करण्यात अर्थ नसतो, वर्षाच्या आत पुन्हा निवड करावी लागते आणि बँकेत पुन्हा हेलपाटे.

निवड कशी होते, कागद कोणते

उमेदवारी अर्ज छापील स्वरूपात भरायचा नसतो. पालक सभा बोलावली जाते, तिथं नावं सुचवली जातात, पालक निवड करतात. मग सदस्यांची पहिली बैठक, आणि त्यात पालक सदस्यांमधूनच अध्यक्ष आणि उपाध्यक्ष. ‘मूल नाही, पण गावात वजन आहे’ असा माणूस अध्यक्ष होऊ शकत नाही. सरपंच अध्यक्ष होऊ शकतो, पण मूल याच शाळेत शिकत असेल आणि पालक म्हणून निवडून आला असेल तरच. मुदत २ वर्षांची.

सदस्य होताना सोबत न्यावं असं फारसं काही नाही. मुलाचं नाव जनरल रजिस्टरला आहेच, ते मुख्याध्यापकांनी पाहायचं. आधारची झेरॉक्स आणि मोबाइल क्रमांक देऊन ठेवला की झालं. प्रवर्गाच्या जागेवर निवड असेल तर जातीचा दाखला जवळ असलेला बरा. खरे कागद लागतात ते अध्यक्ष झाल्यावर. खातं अध्यक्ष आणि मुख्याध्यापक यांच्या संयुक्त सहीचं असतं, त्यामुळे सही बदलावी लागते. बँका साधारणपणे निवडीच्या ठरावाची मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याची प्रत, दोघांचे आधार, पॅन, फोटो आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र मागतात. ठरावातलं नाव आणि आधारवरचं नाव अक्षरशः एक असू द्या. ‘रामभाऊ’ आणि ‘रामचंद्र’ एवढ्या फरकावर महिनाभर अडकलेला अध्यक्ष मी पाहिला आहे.

इतिवृत्ताची वही

समितीची बैठक महिन्यातून एकदा तरी झाली पाहिजे. झाली की नाही, याचा पुरावा म्हणजे इतिवृत्ताची वही. गावात तिला प्रोसिडिंग म्हणतात. मी सदस्य झालो तेव्हा पहिल्याच बैठकीत ही वही माझ्यासमोर सरकवली गेली. पानावर तारीख होती, खाली अकरा सह्या होत्या आणि मध्ये सगळं कोरं. ‘सर नंतर लिहून घेतात,’ शेजारच्या ताई म्हणाल्या. वाईट हेतू असेलच असं नाही. एकशिक्षकी शाळेत मास्तरांना श्वास घ्यायला वेळ नसतो. पण कोऱ्या पानावरची सही म्हणजे कोरा चेक. मी मागची पानं उलटली, तर एका बैठकीत पाण्याच्या टाकीला मंजुरी दिल्याचं लिहिलेलं. टाकी कोणी पाहिली नव्हती. विचारल्यावर कळलं, ती पंचायत बसवणार म्हणून सांगितलं होतं, मग ठराव तसाच राहिला. पैसे गेले नव्हते, पण गेले असते तर सह्या आमच्याच होत्या.

म्हणून तीन सवयी लावून घ्या. ठराव त्याच बैठकीत लिहून, वाचून, मग सही. ठरावात सूचक आणि अनुमोदकाचं नाव. आणि रक्कम आकड्यात नि अक्षरात, दोन्ही. शेवटच्या ओळीखाली मोकळी जागा राहिली तर तिरकी रेघ ओढायची. जुने तलाठी करायचे तशी.

२०२५ मध्ये शासनाने शाळापातळीवरच्या बऱ्याच समित्या एकत्र करून संख्या कमी केली. त्याआधी एका छोट्या शाळेत इतक्या समित्या असत, की त्याच पाच-सहा पालकांची नावं प्रत्येक फाइलीत फिरत राहायची.

पैसा : कुठल्या कामाला कुठली थैली

सगळ्यात मोठा खर्च पगाराचा. तो राज्य सरकार जिल्हा परिषदेमार्फत देतं, देयकं शालार्थ प्रणालीतून जातात. समितीचा त्याच्याशी संबंध नाही. किती शिक्षक मिळणार हे संचमान्यतेत, म्हणजे शाळेच्या पदांच्या मंजुरीत, ठरतं आणि तिचा पाया मुलांची नोंद. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेला ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९० ला ३, ९१ ते १२० ला ४. पटावरची दोन-चार नावं आधार न जुळल्यामुळे ऑनलाइन दिसली नाहीत, तर एक पद हातचं जाऊ शकतं. सप्टेंबरच्या आत पालकांना आधारची नावं दुरुस्त करायला लावणं हे समितीने करण्यासारखं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोठं काम.

समितीच्या हातात खरं येतं ते समग्र शिक्षेचं संयुक्त शाळा अनुदान. ही योजना २०१८-१९ पासूनची, केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के. अनुदान पटावर ठरतं : ३० मुलांपर्यंत १० हजार रुपये, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार, हजारपर्यंत ७५ हजार आणि त्यापुढे एक लाख. त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर. ४५ मुलांच्या शाळेला वर्षाला २५ हजार, त्यातले अडीच हजार फिनेल, झाडू आणि मुताऱ्यांच्या दुरुस्तीला. उरलेल्यात वीजबिल, खडू, स्टेशनरी, मोडके बाक, गळके पत्रे. मंजूर रक्कम पूर्ण आणि वेळेवर खात्यात पडेल, असं गृहीत धरू नका; हप्ते मागेपुढे होतात. खर्च आता रोखीने नाही, पीएफएमएस या सरकारी ऑनलाइन प्रणालीवरून थेट दुकानदाराच्या खात्यात जातो. त्यामुळे ज्याला बँक खातं आणि पक्कं बिल नाही त्या सुताराकडून काम करून घेतलं, की अडकलातच.

गणवेश समग्र शिक्षेतून, पाठ्यपुस्तकं बालभारतीची मोफत. दुपारचं जेवण पीएम पोषणमधून : पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीच्या मुलाला १५०. जेवणाबाबत पालक फक्त हात जोडून उभा राहावा असं नाही. चव नोंदवही असते. कुठल्याही दिवशी जा, खिचडी चाखा, खारट असेल तर खारट लिहा.

मोठं बांधकाम या अनुदानातून होणं शक्यच नाही. नवी वर्गखोली, मोठी दुरुस्ती, कुंपण यासाठी जिल्हा नियोजन समितीचा निधी, समग्र शिक्षेतली बांधकामं, जिल्हा परिषदेचा सेस फंड (तिच्या स्वतःच्या उत्पन्नातला निधी), आमदार-खासदार निधी असे वेगवेगळे दरवाजे आहेत. पिण्याचं पाणी, नळ, शौचालय यांसाठी ग्रामपंचायतीचा वित्त आयोगाचा निधी. त्यासाठी ग्रामसभेत विषय पटलावर आणावा लागतो, आराखडा ठरायच्या आधी.

पडायला आलेल्या खोलीची गोष्ट वेगळी, आणि इथं बहुतेक गावं फसतात. खोलीला तडे गेले, मुलं व्हरांड्यात बसतात, तरी नवीन खोली मंजूर होत नाही. कारण यू-डायसच्या, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीच्या, माहितीत ती जुनी खोली अजून ‘आहे’. आधी तिचं निर्लेखन, म्हणजे ती वापरातून कागदोपत्री बाद करून घ्यावी लागते. प्रस्तावाला समितीचा ठराव, ग्रामपंचायतीचा ठराव, खोलीचे चारी बाजूंनी काढलेले फोटो, बांधकामाचं वर्ष आणि बांधकाम विभागाच्या अभियंत्याचा अहवाल जोडतात. तो गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून जिल्ह्याला जातो. मंजुरी येईपर्यंत कोणी परस्पर भिंत पाडू नका. जुनं लाकूड आणि पत्रेही जिल्हा परिषदेची मालमत्ता असतात.

आराखडा : कायद्याने दिलेला खरा अधिकार

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २२ प्रमाणे शाळा विकास आराखडा समितीने करायचा. ३ वर्षांचा, त्याचे ३ वार्षिक भाग. त्यात इयत्तावार अंदाजे पट, लागणारे जादा शिक्षक, खोल्या, साहित्य आणि त्या सगळ्याचा खर्च. आर्थिक वर्ष संपायच्या किमान ३ महिने आधी, म्हणजे डिसेंबर अखेरपर्यंत, तो अध्यक्ष-सचिवांच्या सहीने वर गेला पाहिजे. बऱ्याच शाळांत मागच्या वर्षीचा आराखडा तारीख बदलून जातो. तसा गेला की जुनीच मागणी पुन्हा वर जाते, आणि पुढे ‘तुम्ही मागितलंच नव्हतं’ या उत्तराला तोंड देता येत नाही.

दाद कुठे मागायची

आधी मुख्याध्यापक, मग केंद्रप्रमुख, मग गटशिक्षणाधिकारी. तोंडी नको, लेखी. दोन प्रती करायच्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन ती घरी आणायची. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे मुलाच्या हक्काबद्दलची लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाने ३ महिन्यांत निकाली काढायची असते. न पटल्यास राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील.

हिशेब दाखवतच नसतील तर माहितीचा अधिकार. महाराष्ट्रात ‘जोडपत्र अ’ मध्ये अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही पण दाखल्याची प्रत जोडावी लागते. एका अर्जात एकच विषय, तोही दीडशे शब्दांत. ‘सर्व हिशेब द्या’ असं लिहू नका. अमुक आर्थिक वर्षातलं संयुक्त शाळा अनुदान किती मिळालं, त्याची बिलं, आणि त्या वर्षाच्या इतिवृत्ताच्या प्रती, एवढंच मागा. उत्तराला ३० दिवस. अर्ज टपालाने पाठवला तर टपालाची पावती अर्जाच्या प्रतीलाच टाचून ठेवा, पहिल्या अपिलाच्या वेळी ती आधी मागतात.