मुलांचा ताबा, भेट व खावटी

आई-वडील विभक्त झाल्यावर अल्पवयीन मूल कोणाजवळ राहील, दुसऱ्या पालकाला ते केव्हा व किती वेळ भेटेल आणि त्याचा खर्च कोण उचलेल, या तीन प्रश्नांची भारतातील कायदेशीर व्यवस्था. कुटुंब न्यायालयाच्या आवारात यांना ‘कस्टडी’, ‘ॲक्सेस’ आणि ‘मेंटेनन्स’ म्हणतात. गावाकडे तिसऱ्यासाठी खावटी हाच शब्द चालतो. यासाठी घटस्फोट झालेला असण्याची गरज नाही. नवरा-बायको नुसते वेगळे राहत असले तरी हे अर्ज करता येतात.

ताबा हा मुळात जमिनीचा आणि घराचा शब्द. तो मुलाला लावला की भांडण मालकीच्या वळणावर जाते, आणि बहुतेक दाव्यांतली कटुता तिथूनच सुरू होते. रोझी जेकब खटल्यात १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले, की मुले म्हणजे आई-वडिलांची चीजवस्तू नव्हेत आणि त्यांच्या हातातली खेळणीही नव्हेत. कायदा मात्र तिथवर सावकाश पोहोचला आहे. मराठी कायदेभाषेत अल्पवयीनाला ‘अज्ञान’ म्हणतात. सातबाऱ्यावर मुलाच्या नावापुढे ‘अ.पा.क.’, म्हणजे अज्ञान पालन कर्ता, असा शेरा असतो. तिथे आईचे नाव लागू शकते का, हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा मोठा होता.

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ याच्या कलम ६ नुसार नैसर्गिक पालक म्हणजे वडील ‘आणि त्यांच्यानंतर’ आई. विदर्भातील एका कुळवहिवाटीच्या वादात, जिजाबाई गजरे खटल्यात, या ‘नंतर’चा कस लागला. मुलीची आई वीस वर्षांहून अधिक काळ नवऱ्यापासून वेगळी राहत होती आणि मुलीचा सगळा कारभार तीच पाहत होती. वडील हयात असले तरी अशा स्थितीत आईच नैसर्गिक पालक, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये मानले. पुढे १९९९ मध्ये गीता हरिहरन खटल्यात याचा विस्तार झाला. ‘त्यांच्यानंतर’ म्हणजे वडिलांच्या मृत्यूनंतरच असे नव्हे, तर ते लक्ष घालत नसतील किंवा घालू शकत नसतील तेव्हाही, असा अर्थ न्यायालयाने लावला. कलमातले मूळ शब्द अजून तसेच आहेत.

पालकत्व आणि ताबा या वेगळ्या गोष्टी आहेत. मूल आईजवळ राहत असताना वडील कायद्याने पालक असू शकतात. पाच वर्षांखालील मूल सर्वसाधारणपणे आईजवळ असावे, असे याच कलमात म्हटले आहे. गोव्यातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या रोक्सान शर्मा खटल्यात (२०१५) मूल दोन वर्षांचेही नव्हते. इतके लहान मूल आईकडे देऊ नये असे वडिलांचे म्हणणे असेल, तर आई अपात्र असल्याचे त्यांनीच सिद्ध करायचे, आईने आपली पात्रता सिद्ध करत बसायचे नाही, असा त्या निकालाचा रोख आहे. मुस्लिम कायद्यात आईच्या या अधिकाराला हिजानत म्हणतात. हनफी मतानुसार (सुन्नी मुस्लिमांतील एक कायदेपरंपरा) तो मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत असतो. सर्व धर्मीयांना लागू असलेला पालक व पाल्य अधिनियम, १८९० या सगळ्यांच्या पाठीशी आहे. कायदा कोणताही लागू असो, शेवटी कसोटी मुलाच्या कल्याणाची.

कल्याण म्हणजे काय, हे एका सूत्रात बसत नाही. मुलाचे वय, शाळा, घरात दिवसभर त्याच्याकडे पाहणारे कोण आहे, भावंडे एकत्र राहतात का, हे पाहिले जाते. जास्त पगार हा निर्णायक मुद्दा नाही, कारण कमी मिळवणाऱ्या पालकाची उणीव खावटीने भरून काढता येते. मूल समजत्या वयाचे असेल तर त्याचे मत विचारात घेता येते. न्यायाधीश बहुधा त्याच्याशी चेंबरमध्ये बोलतात. त्यापूर्वी विवाह समुपदेशकांच्या भेटी झालेल्या असतात. पढवलेले मूल अनुभवी समुपदेशकाला लवकर कळते: आठ वर्षांचे मूल वकिलाच्या भाषेत बोलू लागते. ‘तुला आई हवी की बाबा?’ हा प्रश्न नातेवाइकांनी तरी मुलाला कधीही विचारू नये.

भेटीचा आदेश जितका तपशीलवार, तितके तंटे कमी. ‘सोयीनुसार भेटू द्यावे’ एवढेच लिहिलेल्या कन्सेंट टर्म्स (दोघांनी संमतीने ठरवलेल्या लेखी अटी) म्हणजे पुढच्या अर्जाची पेरणीच. चांगल्या आदेशात कोणते शनिवार-रविवार, आणायचे कोणी, सोडायचे कोणी, किती वाजता, हे असते. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीची विभागणी, गणपतीतले दिवस, मुलाचा वाढदिवस, आजारपणात चुकलेल्या भेटीची भरपाई हेही असते. सुरुवातीची अविश्वासाची भेट न्यायालयातल्या मुलांच्या खोलीत होते. मग दिवसभराची, मग रात्रीच्या मुक्कामाची, असे टप्पे पडतात. यशिता साहू खटल्यात (२०२०) सर्वोच्च न्यायालयाने फोन आणि व्हिडिओ कॉललाही स्थान दिले. ज्याच्याजवळ मूल नाही त्या पालकाला रोज पाच-दहा मिनिटे मुलाशी बोलता आले पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. मूल दोघांकडेही राहील अशा संयुक्त ताब्याची शिफारस विधी आयोगाने २०१५ च्या २५७ व्या अहवालात केली होती. ती कायद्यात उतरलेली नाही, पण दोघांची घरे शाळेपासून जवळ असतील तर परस्परसंमतीने अशी व्यवस्था करता येते.

खावटीच्या बाबतीत पगाराच्या अमुक टक्के असा ठरलेला दर असतो, ही समजूत चुकीची आहे. मुलांसाठी असे कोष्टक आपल्याकडे नाही. उत्पन्न, राहणीमान, शाळेची फी, औषधपाणी पाहून रक्कम ठरते. हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम २० नुसार मुलांना पोसण्याची जबाबदारी आई आणि वडील दोघांचीही आहे, म्हणून कमावत्या आईचा वाटाही मोजला जातो. मूल लग्नाच्या नात्यातून झालेले असो वा नसो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली (१ जुलै २०२४ पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५) दाद मागता येते. उत्पन्न लपवणे ही यातली जुनी खोड. तिच्यावरचा उपाय नागपूरच्या एका प्रकरणातून निघाला. तेथील कुटुंब न्यायालयाने पत्नीसोबत मुलासाठीही दरमहा ५,००० आणि पुढे १०,००० रुपये अंतरिम खावटी ठरवली होती. ते प्रकरण रजनीश विरुद्ध नेहा म्हणून सर्वोच्च न्यायालयात गेले. ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालाने दोन्ही पक्षांना मिळकत व देण्यांचे प्रतिज्ञापत्र सक्तीचे झाले, आणि खावटी अर्जाच्या तारखेपासून द्यायची हेही ठरले. रक्कम थकली तर थकबाकीच्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. मात्र कलम १४४ खाली वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत करावा लागतो, आणि हे माहीत नसल्याने अनेक आयांचे पैसे बुडतात.

खावटी आणि भेट यांची सांगड घालता येत नाही. पैसे थकले म्हणून भेट अडवायची नाही आणि भेट मिळाली नाही म्हणून पैसे रोखायचे नाहीत. दोन्हींसाठी स्वतंत्र अर्ज आहेत. खावटी मुलाच्या हक्काची असल्यामुळे घटस्फोट लवकर मिळावा म्हणून आईने ती ‘सोडली’, तरी मुलाचा हक्क संपत नाही.

परदेशातून मूल घेऊन परतलेल्या पालकाचा प्रश्न मराठी घरांनाही आता नवा नाही. आंतरराष्ट्रीय बाल-अपहरणाविषयीच्या १९८० च्या हेग कराराचा भारत पक्षकार नाही. त्यामुळे परदेशी न्यायालयाचा आदेश इथे आपोआप लागू होत नाही. अमेरिकेतून महिन्याभराच्या बाळाला घेऊन आलेल्या आईच्या धनवंती जोशी खटल्यात असा परदेशी आदेश हा विचारात घ्यायच्या अनेक मुद्द्यांपैकी फक्त एक ठरला, आणि इथे रुळलेले मूल आईजवळच राहिले.

ताब्याचा कोणताही आदेश कायमचा नसतो. बदली, पुनर्विवाह, आजारपण किंवा मुलाचे वाढते वय या कारणांनी तो बदलून मागता येतो. मूल अठरा वर्षांचे झाले की ताब्याचा दावा संपतो. अविवाहित मुलीचा निर्वाहाचा हक्क मात्र, ती स्वतःच्या पायावर उभी नसेल तर, हिंदू कायद्याखाली त्यापुढेही चालू राहतो.