स्पिन : पडताळणीच्या एका साधनाचा आवृत्त्यांमधून झालेला प्रवास

नागपूरच्या ‘डायमंड क्रॉसिंग’विषयी ऐकले नाही असा नागपूरकर विरळा. उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम असे दोन लोहमार्ग तिथे एकमेकांना छेदतात, आणि ज्या बिंदूवर ते छेदतात तिथे एका वेळी एकच गाडी असली पाहिजे, हे सांगायला कोणा अभियंत्याची गरज नाही. एकाच वेळी चालणाऱ्या प्रक्रियांच्या रचनेतील चुका शोधणारे स्पिन हे संगणकीय साधन आमच्या अभ्यासगटात विद्यार्थ्यांना शिकवताना आम्ही हेच उदाहरण घेतो. प्रत्यक्ष रेल्वेची यंत्रणा याहून कितीतरी गुंतागुंतीची आणि सुरक्षित असते. आम्ही फक्त दोन सिग्नल आणि प्रत्येकाचा एक झेंडा एवढेच घेतो. नियम असा, की दुसऱ्याचा झेंडा खाली आहे का ते पाहायचे, खाली असेल तर आपला वर करायचा आणि गाडी आत सोडायची. वाचताना यात काही चुकले आहे असे वाटत नाही. स्पिन मात्र क्षणार्धात घटनाक्रम काढून दाखवते : पहिल्याने पाहिले, दुसऱ्याने पाहिले, पहिल्याने झेंडा वर केला, दुसऱ्यानेही केला, आणि दोन्ही गाड्या आत. पाहणे आणि झेंडा वर करणे या दोन कृतींच्या मधल्या फटीत दुसरा शिरू शकतो, ही गोष्ट शंभर चाचण्यांत एकदाही दिसणार नाही, कारण चाचणीत ती नेमकी वेळ जुळून यावी लागते. स्पिन वेळ जुळण्याची वाट पाहत नाही. शक्य असलेले सगळे क्रम ते स्वतःच चालवून पाहते.

या साधनाची मुळे १९८० सालात आहेत. अमेरिकेतील बेल लॅब्समध्ये जेरार्ड होल्झमान हे डच संशोधक तेव्हा दूरध्वनी केंद्रांमधील संदेशवहनाच्या नियमांचा, म्हणजे प्रोटोकॉलचा, अभ्यास करत होते. त्यांनी लिहिलेल्या पहिल्या पडताळणी कार्यक्रमाचे (प्रोग्रॅमचे) नाव ‘पॅन’ होते, ‘प्रोटोकॉल ॲनालायझर’चे संक्षिप्त रूप. १९८३ मध्ये त्याची जागा ‘ट्रेस’ने घेतली. त्याच सुमारास इतरत्र या विषयाचा सैद्धांतिक पाया घातला जात होता. अमीर प्नुएली यांनी १९७७ मध्ये कार्यक्रमांविषयी बोलण्यासाठी कालसापेक्ष तर्कशास्त्र, म्हणजे ‘कधीच’, ‘कधी ना कधी’ अशी विधाने मांडणारे तर्कशास्त्र, सुचवले होते, आणि १९८१-८२ मध्ये एका बाजूला क्लार्क आणि इमर्सन यांनी, तर दुसऱ्या बाजूला केय् आणि सिफाकिस यांनी, मॉडेल चेकिंगची, म्हणजे प्रणालीच्या सगळ्या शक्य अवस्था यंत्राकडून तपासून घेण्याची, पद्धत स्वतंत्रपणे मांडली. होल्झमान यांची वाट मात्र प्रयोगशाळेतल्या अडचणींतून निघाली होती, आणि त्यातली सर्वांत मोठी अडचण संगणकाच्या मेमरीची होती.

ही अडचण आकड्यांत पाहिली म्हणजे तिचे स्वरूप कळते. एखाद्या प्रणालीची एक अवस्था, म्हणजे त्या क्षणी प्रत्येक प्रक्रिया कुठे उभी आहे आणि प्रत्येक चलाची किंमत काय आहे याची नोंद, समजा १०० बाइटांची आहे. हीच अवस्था आधी पाहिली होती का, हे कळण्यासाठी भेट दिलेली प्रत्येक अवस्था जपून ठेवावी लागते. २० लाख बाइट मेमरी असेल, तर फार तर २०,००० अवस्था मावतील, आणि साध्या प्रोटोकॉलच्या अवस्थाही लाखांच्या घरात जातात. १९८७ च्या ‘सुपरट्रेस’मध्ये होल्झमान यांनी यावर जो उपाय केला, तो मला आजही या सगळ्या इतिहासातला सर्वांत धाडसी निर्णय वाटतो. त्यांनी अवस्था साठवणेच सोडून दिले. अवस्थेवरून एक हॅश, म्हणजे ठरावीक सूत्राने मिळणारा एक क्रमांक, काढायचा आणि मेमरीतला तेवढ्या क्रमांकाचा एकच बिट १ करायचा. त्याच २० लाख बाइटांत आता १ कोटी ६० लाख बिट उपलब्ध झाले. दोन वेगळ्या अवस्थांचा हॅश एकच निघाला तर एखादी अवस्था पाहायची राहून जाईल, ही किंमत त्यांनी उघडपणे मान्य केली. पडताळणी म्हणजे शंभर टक्के सिद्धता, असे मानणाऱ्यांना हे रुचणे कठीण होते. पण मेमरी संपून शोध अर्धवट थांबण्यापेक्षा जवळजवळ संपूर्ण शोध हा कितीतरी चांगला, आणि सापडलेली चूक खरीच असते, हा त्यांचा हिशोब व्यवहारात खरा ठरला.

‘स्पिन’ हे नाव १९८९ मध्ये आले आणि १९९१ पासून ते सर्वांसाठी मोफत उपलब्ध झाले. यात तपासायच्या प्रणालीचे प्रारूप, म्हणजे मॉडेल, ‘प्रोमेला’ नावाच्या भाषेत लिहायचे असते. स्पिन स्वतः पडताळणी करत नाही. ते त्या प्रारूपासाठी खास सी भाषेतला एक कार्यक्रम लिहून देते, तो कंपाइल करून चालवायचा असतो. त्या फाइलचे नाव आजही ‘पॅन’ आहे. ‘वाईट गोष्ट कधीच घडणार नाही’ याच्या जोडीने ‘चांगली गोष्ट कधी ना कधी घडेलच’ अशा प्रकारची विधानेही आता तपासता येऊ लागली. वार्डी आणि वोल्पर यांनी १९८६ मध्ये मांडलेली, विधानाचे ऑटोमॅटनमध्ये, म्हणजे अवस्था बदलत जाणाऱ्या एका काल्पनिक यंत्रात, रूपांतर करण्याची कल्पना त्यामागे होती.

१९९५ च्या दुसऱ्या आवृत्तीत डोरॉन पेलेद यांच्या सहकार्याने आलेली सुधारणा वेगळ्या जातीची होती. दोन प्रक्रिया आपापल्या खासगी चलांवर काम करत असतील, तर त्यांच्या पायऱ्या कोणत्या क्रमाने झाल्या याने परिणाम बदलत नाही. मग सगळे क्रम तपासायचे कशाला? एकच प्रतिनिधी क्रम पुरतो. मेमरीत जास्त अवस्था कोंबण्याऐवजी मुळात पाहायच्या अवस्थाच कमी करण्याची ही वाट होती. १९९७ च्या तिसऱ्या आवृत्तीने अवस्था अधिक दाटीने साठवण्याची आणखी एक पद्धत दिली.

त्याच वर्षी नासामध्ये जे घडले, ते या साधनाच्या इतिहासात विसरता येणार नाही. ‘डीप स्पेस १’ या यानावरील स्वयंचलित नियंत्रण कार्यक्रमाच्या एका भागाचे प्रारूप स्पिनने तपासले गेले आणि समांतर प्रक्रियांशी संबंधित पाच चुका सापडल्या. यान ऑक्टोबर १९९८ मध्ये निघाले. मे १९९९ मध्ये, पृथ्वीपासून कोट्यवधी किलोमीटर दूर, प्रयोग सुरू असताना तो कार्यक्रम अडकून पडला. ती चूक ज्याचे प्रारूप केलेच नव्हते अशा भागात होती, आणि तिचा प्रकार आधी सापडलेल्या पाचांपैकी एकीसारखाच होता : पाहणे आणि थांबणे यांच्या मधली फट. आमच्या दोन झेंड्यांच्या उदाहरणातही अशीच फट असते.

यातून पुढची अडचण समोर आली. प्रारूप हाताने लिहायचे म्हणजे जे लिहिले तेवढेच तपासले जाते. बेल लॅब्समध्ये १९९८ ते २००० या काळात ‘पाथस्टार’ या दूरध्वनी यंत्रणेच्या सी भाषेतील मूळ कार्यक्रमातूनच प्रारूप काढून तपासण्याचे काम झाले. २००३ च्या चौथ्या आवृत्तीत प्रारूपाच्या आतच सी भाषेतील मजकूर जसाच्या तसा घालण्याची सोय आली, ती याच अनुभवाची पुढची पायरी होती. त्याआधी स्पिनला एसीएम या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेचा २००१ सालचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला होता, आणि २००३ मध्येच होल्झमान नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत दाखल झाले. प्रोसेसरचा वेग वाढणे थांबून त्यातील गाभ्यांची (कोअरची) संख्या वाढू लागली, तेव्हा २००७ ची पाचवी आवृत्ती अनेक गाभ्यांवर शोध वाटून घेऊ लागली.

२०१० ची सहावी आवृत्ती वरवर पाहता किरकोळ वाटते. शिकवणाऱ्याच्या नजरेतून ती सर्वांत महत्त्वाची आहे. पूर्वी तर्कविधान, म्हणजे प्रारूपाने पाळायची अट, वेगळे द्यावे लागे आणि तेही उलटे करून, म्हणजे जे घडू नये ते लिहावे लागे. नकाराचे ते चिन्ह विसरले की साधन भलत्याच प्रश्नाचे उत्तर देई. सहाव्या आवृत्तीपासून विधान प्रारूपातच, जसे म्हणायचे आहे तसे सरळ लिहिता येते. पुढे ६.४.५ या आवृत्तीपासून मूळ संहिता (सोर्स कोड) बीएसडी या मुक्त वापराच्या परवान्याखाली खुली झाली, त्यामुळे लिनक्स असलेल्या कोणत्याही संगणकावर ते सहज बसवता येते.

आमच्या वर्गात दुसऱ्या प्रयत्नात विद्यार्थी आधी आपला झेंडा वर करून मग दुसऱ्याचा पाहतात. आता टक्कर होत नाही, पण दोघांनी एकदमच झेंडे वर केले की दोघेही कायमचे थांबून राहतात, आणि स्पिन तसे सांगते. मग पीटरसन यांची १९८१ ची युक्ती येते : झेंडा वर करा, ‘पाळी तुझी’ असे लिहा, आणि दुसऱ्याचा झेंडा वर असून पाळीही त्याचीच असेल तरच थांबा. विधान सरळ एका ओळीत लिहिले जाते आणि चुकांची संख्या शून्य येते. गेल्या खेपेस एका विद्यार्थिनीने ‘पाळी तुझी’ची ओळ झेंड्याच्या ओळीच्या आधी ठेवली. फळ्यावर आम्हा कोणालाच त्यात वावगे दिसले नाही. स्पिनने पुन्हा दोन्ही गाड्या क्रॉसिंगवर आणून दाखवल्या, आणि तो क्रम एकेक पायरी करत फळ्यावर उतरवण्यात आमचा उरलेला तास गेला.