ब्लॅकबर्नचा राग पुण्यापर्यंत कसा पोहोचला

इंग्लंडमध्ये फुटबॉलच्या पाठीराख्यांत क्लबच्या मालकीचा विषय निघाला की ब्लॅकबर्न रोव्हर्सचे नाव हमखास निघते, आणि त्यापाठोपाठ पुण्याचेही. २०११-१२ च्या हंगामात प्रीमियर लीगमधून, म्हणजे तिथल्या अव्वल श्रेणीतून, बाहेर फेकल्या गेलेल्या या क्लबची मालकी त्या वेळी पुण्याच्या वेंकटेश्वरा हॅचरीज समूहाकडे, म्हणजे आपल्याकडे ‘वेंकीज’ या नावाने माहीत असलेल्या पोल्ट्री उद्योगाकडे होती, आणि आजही आहे. त्या हंगामातल्या निदर्शनांची छायाचित्रे मराठी वृत्तपत्रांतही आली होती. पण ‘कोंबडीवाल्यांनी क्लब बुडवला’ या एका वाक्यात आटोपणारी ही हकिकत नाही. त्या रागाची मुळे वेंकीज येण्याच्या बरीच आधीची आहेत, आणि ती समजून घेतल्याशिवाय एखाद्या गावाने आपल्याच क्लबच्या मैदानाकडे पाठ का फिरवली, याचा उलगडा होत नाही.

ब्लॅकबर्न हे लँकेशायरमधले लाख-सव्वा लाख वस्तीचे गाव. एकोणिसाव्या शतकात त्याची ओळख विणकामाची होती आणि तिथल्या मागांवरचे बरेचसे कापड हिंदुस्थानासाठी विणले जाई. धोतरे ही तर तिथली खासियत होती. स्वदेशी आणि बहिष्काराच्या चळवळीचा फटका ज्या गिरण्यांना बसला, त्यांत या पट्ट्यातल्या गिरण्या होत्या. गोलमेज परिषदेसाठी गेलेले गांधीजी सप्टेंबर १९३१ मध्ये लगतच्या डार्वेनला मुक्कामाला राहिले, तेव्हा बेकार झालेल्या गिरणी कामगारांनी त्यांचे स्वागतच केले, हा इतिहास प्रसिद्ध आहे. पुढे १९६० च्या दशकात याच गिरण्यांत काम करण्यासाठी गुजरात आणि पाकिस्तानातून माणसे आली, आणि आज गावातली एक तृतीयांशाहून अधिक वस्ती दक्षिण आशियाई वंशाची आहे. एका भारतीय उद्योगाने या गावचा क्लब विकत घेतला, तेव्हा हिंदुस्थानाशी गावाचा संबंध नवा नव्हता. फक्त पैशाची दिशा उलटी झाली होती.

क्लबची स्थापना १८७५ ची. १८८४, १८८५ आणि १८८६ अशी सलग तीन वर्षे रोव्हर्सने एफए कप ही इंग्लंडमधली बाद पद्धतीची स्पर्धा जिंकली, आणि १८८८ मध्ये फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हा तिच्या बारा संस्थापक क्लबांत रोव्हर्स होता. १९१२ आणि १९१४ मध्ये तो लीगविजेताही ठरला. निळ्या-पांढऱ्या अर्ध्या-अर्ध्या भागांची जर्सी आणि १८९० पासूनचे ईवूड पार्क हे मैदान ही त्याची ओळख. मात्र गिरण्या बसत गेल्या तसा क्लबही बसत गेला. १९६६ मध्ये तो अव्वल श्रेणीतून खाली आला आणि पुढची सव्वीस वर्षे तिथे परतला नाही. मधल्या काळात तर तिसऱ्या श्रेणीतही खेळला. थोडक्यात, १९९० च्या सुमारास रोव्हर्स हा मोठ्या पूर्वपुण्याईचा आणि रिकाम्या खिशाचा क्लब होता.

त्या खिशात हात घातला जॅक वॉकर यांनी. वॉकर हे ब्लॅकबर्नमध्येच वाढलेले आणि लहानपणापासून रोव्हर्सचे पाठीराखे. वडिलांचा पत्र्याचा छोटा कारखाना भावाच्या साथीने वाढवून त्यांनी ‘वॉकरस्टील’ ही पोलादाची मोठी कंपनी उभी केली आणि ती ब्रिटिश स्टीलला ३३ कोटी पौंडांना विकली. त्याआधीही मैदानाच्या नदीकडच्या बाजूची प्रेक्षागॅलरी बांधताना त्यांनी पोलाद दिले होते. १९९१ च्या जानेवारीत त्यांनी क्लबच ताब्यात घेतला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केनी डल्ग्लिश यांना मॅनेजर म्हणून आणले, १९९२ मध्ये संघ अव्वल श्रेणीत पोहोचला, आणि तेही नेमक्या अशा वेळी की नव्याने सुरू होणाऱ्या प्रीमियर लीगच्या पहिल्याच हंगामात त्याला जागा मिळाली. त्या उन्हाळ्यात आघाडीवीर अॅलन शिअररला आणि दोन वर्षांनी ५० लाख पौंड मोजून ख्रिस सटनला घेतले. जुन्या गॅलऱ्या पाडून मैदान जवळजवळ नव्याने बांधले. आज तिथे ३१ हजारांवर प्रेक्षक बसू शकतात, म्हणजे गावातल्या दर चार माणसांमागे एक खुर्ची.

१४ मे १९९५ हा दिवस ब्लॅकबर्नमध्ये अजून काल घडल्यासारखा सांगितला जातो. शेवटचा सामना लिव्हरपूलच्या अॅनफिल्डवर, तिथेच खेळून आणि जिंकून मोठे झालेले डल्ग्लिश पाहुण्या संघाच्या बाकावर, आणि मँचेस्टर युनायटेडला विजेतेपद मिळू नये म्हणून यजमानांचेच प्रेक्षक मनातून पाहुण्यांच्या बाजूने. शिअररने पहिला गोल केला. पण लिव्हरपूलने बरोबरी साधली आणि अगदी अखेरच्या क्षणी फ्री किकवर सामना जिंकलाही. त्याच सुमारास लंडनहून बातमी आली की वेस्ट हॅमविरुद्ध युनायटेडला बरोबरीवर समाधान मानावे लागले आहे. रोव्हर्सचे ८९ गुण, युनायटेडचे ८८. सामना हरून लीग जिंकली, आणि ज्या मैदानावर हरले त्या मैदानावरच्या प्रेक्षकांनी त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या.

मला वाटते, पुढच्या सगळ्या दुखण्याचे बीज या यशातच होते. तिकिटांच्या पैशावर हा संघ उभा राहणे शक्यच नव्हते. तो एका माणसाच्या मायेवर आणि चेकबुकावर उभा होता. वॉकर गावचे होते म्हणून त्यांच्या एकछत्री मालकीविषयी कोणी प्रश्न विचारला नाही. पाठीराख्यांचा संचालक मंडळावर प्रतिनिधी असावा, मैदान गावाच्या नावावर असावे, क्लब विकताना कोणाची तरी संमती घ्यावी, असे काही त्या सुखाच्या दिवसांत कोणाच्या मनात आले असेल असे दिसत नाही. शिअरर १९९६ मध्ये दीड कोटी पौंडांच्या तत्कालीन विश्वविक्रमी किमतीला न्यूकॅसलला गेला, १९९९ मध्ये संघ खालच्या श्रेणीत घसरला, आणि २००० च्या ऑगस्टमध्ये वॉकर गेले. २००१ मध्ये संघ प्रीमियर लीगमध्ये परतला आणि २००२ मध्ये त्याने लीग कपही जिंकला. पण क्लब आता वॉकर कुटुंबाच्या न्यासाकडे होता, आणि न्यासाला दरवर्षी त्यात पैसे ओतत राहण्याची हौस नव्हती. काही वर्षे गिऱ्हाईक शोधण्यात गेली.

ते गिऱ्हाईक पुण्यात मिळाले. भारतातल्या आधुनिक कुक्कुटपालनाचे जनक मानले जाणारे डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली होती. त्यांच्या पश्चात कन्या अनुराधा देसाई आणि पुत्र वेंकटेश व बालाजी राव हे समूहाचा कारभार पाहत होते. नोव्हेंबर २०१० मध्ये त्यांनी २ कोटी ३० लाख पौंडांना क्लब घेतला, वर त्याचे कर्जही अंगावर घेतले; प्रीमियर लीगमधल्या क्लबचे हे पहिले भारतीय मालक. तेव्हा प्रीमियर लीगमध्ये मालकांची पात्रता तपासण्याची पद्धत होती, पण तिचा रोख गुन्हे, दिवाळखोरी असल्या गोष्टींवर होता. खरेदीदाराला फुटबॉल कितपत कळतो, तो गावात येणार का, लोकांशी बोलणार का, हे विचारण्याची तरतूद तीत नव्हती.

पुढचा घटनाक्रम वेगवान आहे. खरेदीनंतर महिनाही झाला नव्हता तोच, १३ डिसेंबर २०१० रोजी, सॅम अॅलरडाइस यांना मॅनेजरपदावरून काढण्यात आले. आदल्या हंगामात त्यांनी संघाला दहावा क्रमांक मिळवून दिला होता आणि काढले त्या दिवशी संघ तेराव्या स्थानी होता. त्यांच्या जागी आलेले स्टीव्ह कीन हे संघाचे प्रशिक्षक. कोणत्याही संघाचे मॅनेजरपद त्यांनी यापूर्वी सांभाळलेले नव्हते. ब्राझीलच्या रोनाल्डिन्योला आणण्याची भाषा झाली, पण तो काही आला नाही. हंगामाच्या अखेरच्या दिवशी संघ खालच्या श्रेणीत घसरण्यापासून कसाबसा वाचला, त्या उन्हाळ्यात तरुण बचावपटू फिल जोन्स मँचेस्टर युनायटेडला विकला गेला, आणि मग खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये वेंकीजचे चिकन खात असल्याची जाहिरात टीव्हीवर झळकली. आपल्याकडे क्रिकेटपटू सिमेंटपासून बनियनपर्यंत काहीही विकतात आणि त्यात कोणाला वावगे वाटत नाही. ब्लॅकबर्नमध्ये मात्र ती जाहिरात अपमान म्हणून पाहिली गेली. ऑक्टोबर २०११ मध्ये संघ गुणतक्त्याच्या तळाशी झगडत असताना त्याला पुण्याला आणून बालेवाडीच्या मैदानावर पुणे एफसीविरुद्ध मैत्रीपूर्ण सामना खेळवला गेला. पुणेकरांना प्रीमियर लीगचा संघ घरच्या मैदानावर पाहायला मिळाला, हा आनंदाचा भाग. पण तिकडे हंगाम हातचा जात असताना हा प्रवास कशासाठी, असे पाठीराखे विचारत होते, आणि तो प्रश्न अवाजवी नव्हता.

तो हंगाम विचित्र होता. याच संघाने सप्टेंबरमध्ये आर्सेनलला ४-३ असे हरवले, आणि ३१ डिसेंबरला, प्रतिस्पर्धी मॅनेजर अॅलेक्स फर्ग्युसन यांच्या सत्तराव्या वाढदिवशी, मँचेस्टर युनायटेडला त्यांच्याच मैदानावर ३-२ असे नमवले. याकुबूने लीगमध्ये १७ गोल केले. तरी संघ बुडत होता. डिसेंबरमध्ये बोल्टनकडून घरच्या मैदानावर हार झाली तेव्हा पूर्ण सामनाभर कीन यांच्या विरोधात घोषणा होत राहिल्या. त्याच महिन्यात क्लबचे उपमुख्य कार्यकारी अधिकारी पॉल हंट यांनी मालकांना पत्र लिहून मॅनेजर बदलण्याची आणि पाठीराख्यांशी बोलण्याची विनंती केली होती. ते पत्र मे महिन्यात बाहेर फुटले आणि त्यानंतर हंट यांचीच नोकरी गेली.

७ मे २०१२ रोजी भर पावसात विगनविरुद्धचा सामना होता. निळ्या-पांढऱ्या रंगांत गुंडाळलेली एक जिवंत कोंबडी कोणीतरी मैदानात सोडली आणि ती काही वेळ खेळाडूंच्या पायांत फिरत राहिली. सामना संपत आला असताना विगनच्या अल्काराझने हेडरने गोल केला, रोव्हर्स ०-१ ने हरला आणि अकरा वर्षांनी प्रीमियर लीगमधून बाहेर पडला. ते कोंबडीचे चित्र जगभर गेले. त्यातल्या विनोदामुळे मूळ तक्रार झाकली गेली, असे माझे मत आहे. तक्रार मालकांच्या धंद्याविषयी नव्हती आणि, काही अपवाद सोडले तर, त्यांच्या देशाविषयीही नव्हती. ती त्यांच्या गैरहजेरीविषयी होती. वॉकर गावचेच होते. नवे मालक ईवूड पार्कवर क्वचित दिसत, आणि पुढे तर वर्षानुवर्षे फिरकले नाहीत.

खालच्या श्रेणीतला पहिलाच हंगाम म्हणजे गोंधळाचा नमुना होता. कीन सप्टेंबर २०१२ मध्ये गेले. नंतर आलेले हेनिंग बर्ग ५७ दिवस टिकले आणि मायकेल अॅपलटन ६७ दिवस. गॅलऱ्या रिकाम्या होत गेल्या. २०१६ मध्ये पाठीराख्यांनी एक वेगळे आंदोलन केले: सामन्याच्या अठराव्या मिनिटाला आत यायचे आणि पंचाहत्तराव्या मिनिटाला उठून जायचे, म्हणजे क्लबच्या जन्मवर्षाचेच दोन आकडे. मे २०१७ मध्ये रोव्हर्स तिसऱ्या श्रेणीत घसरला. प्रीमियर लीग जिंकलेला कोणताही क्लब त्याआधी इतका खाली गेला नव्हता. मॅनेजर टोनी मोब्रे यांनी एका वर्षात त्याला दुसऱ्या श्रेणीत परत आणले.

मालकांच्या बाजूनेही एक गोष्ट नमूद करायला हवी, कारण त्यांच्यावरच्या टीकेत ती सहसा गळते. त्यांनी क्लब विकून हात झटकले नाहीत, मैदान बिल्डरच्या घशात घातले नाही, आणि दरवर्षीची तूट स्वतःच्या पैशातून भरत राहिले. ही रक्कम २० कोटी पौंडांच्या पलीकडे गेली आहे. त्याच काळात शेजारचा बरी हा क्लब आर्थिक डबघाईने २०१९ मध्ये लीगमधून हाकलला गेला, हे पाहता ही गोष्ट लहान नाही. मात्र एकाच खिशावर अवलंबून राहण्याचा धोका तसाच राहिला. भारतात अंमलबजावणी संचालनालयाची चौकशी सुरू झाल्यावर क्लबला पैसे पाठवण्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी लागू लागली, आणि ईवूड पार्कवरचे पाठीराखे दिल्लीतल्या सुनावण्यांच्या तारखा पाहू लागले. २०२४ मध्ये गावातच वाढलेला मधल्या फळीतला खेळाडू अॅडम व्हार्टन क्रिस्टल पॅलेसला विकला गेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये संघ बढतीच्या शर्यतीत असताना मॅनेजर जॉन युस्टेस तळाशी धडपडणाऱ्या डर्बीकडे निघून गेले. संघ सातवा आला आणि बढतीची शेवटची जागा ठरवणारे प्लेऑफ सामने थोडक्यात हुकले. त्याच मे महिन्यात महिला संघाने दुसऱ्या श्रेणीतून माघार घेतली.

जुलै २०२५ मध्ये इंग्लंडच्या व्यावसायिक पुरुष फुटबॉलवर स्वतंत्र नियामक नेमण्याचा कायदा मंजूर झाला. बरीची अखेर आणि युरोपातल्या बड्या क्लबांनी वेगळी सुपर लीग काढण्याचा २०२१ मधला फसलेला डाव ही त्यामागची तात्कालिक कारणे, पण त्याच्या तरतुदी वाचताना ब्लॅकबर्नची आठवण येतेच. नियामक मालकांची पात्रता तपासेल, त्यांच्या पैशाचा स्रोत विचारेल. क्लबांना महत्त्वाच्या बाबींवर पाठीराख्यांशी नियमित सल्लामसलत करावी लागेल, आणि बोधचिन्ह किंवा घरच्या जर्सीचे रंग बदलायचे तर त्यांचा कौल घ्यावा लागेल. मालकाने मैदानावर यावे, अशी सक्ती मात्र त्यात नाही.