अन्ननलिकाबाह्य आम्ल प्रत्यावहन

जठरातील आम्ल, पेप्सिन हे पाचक विकर आणि कधीकधी पित्तरस उलट दिशेने अन्ननलिकेत चढून घसा, स्वरयंत्र, श्वासमार्ग किंवा तोंडापर्यंत पोहोचल्याने, अथवा अन्ननलिकेतच राहून मज्जातंतूंच्या वाटेने इतर इंद्रियांत प्रतिक्रिया उमटवल्याने जी लक्षणे निर्माण होतात, त्यांना अन्ननलिकाबाह्य प्रत्यावहनाची लक्षणे म्हणतात. छातीतील जळजळ व आंबट ढेकर या ‘ॲसिडिटी’च्या परिचित खुणा यांपैकी अनेक रुग्णांत आढळत नाहीत. त्यामुळे घशाच्या तक्रारीचे मूळ पोटात असू शकेल, हे ना रुग्णाच्या लक्षात येते, ना पुष्कळदा वैद्याच्या.

आयुर्वेदाने अम्लपित्ताच्या लक्षणांत हृदयप्रदेशाबरोबर कंठातील दाहही सांगितला आहे. पोट तुडुंब भरल्याने दम्याचा झटका येऊ शकतो, हे निरीक्षण ख्यातनाम वैद्य विल्यम ऑस्लर यांनी १८९२ साली नोंदवले. अमेरिकेतील स्वरयंत्रतज्ज्ञ जेमी कॉफमन यांनी १९९१ मध्ये २२५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केल्यानंतर या विषयाकडे गांभीर्याने पाहिले जाऊ लागले. आम्ल प्रत्यावहनाच्या विकाराची आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी एकमताने ठरवलेली व्याख्या म्हणजे २००६ ची माँट्रियल व्याख्या. तिने जुनाट खोकला, स्वरयंत्रदाह, दमा आणि दातांची झीज या चार विकारांचा प्रत्यावहनाशी असलेला संबंध प्रस्थापित मानला. मात्र या विकारांना बहुधा अनेक कारणे असतात आणि प्रत्यावहन हे त्यांपैकी एक असते, हेही त्याच वेळी स्पष्ट केले.

अन्ननलिकेला आम्लाशी सामना करण्याची सवय असते. तिच्या लाटेसारख्या आकुंचनांनी वर आलेला द्रव खाली ढकलला जातो आणि गिळलेल्या लाळेतील बायकार्बोनेटमुळे उरलेले आम्ल उदासीन होते. स्वरयंत्राच्या नाजूक अस्तराला असे संरक्षण फारसे नाही. म्हणून अन्ननलिका जेवढे आम्ल सहज सोसते, त्याहून कितीतरी कमी आम्ल स्वरयंत्राला इजा करू शकते. येथे पेप्सिनची भूमिका विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. सामू (पीएच) ७ च्या आसपास ते निष्क्रिय होते, पण नष्ट होत नाही. घशाच्या पेशींत टिकून राहिलेले पेप्सिन पुन्हा आम्ल येताच सक्रिय होऊ शकते.

दुसरी यंत्रणा प्रतिक्षेपाची, म्हणजे मज्जातंतूंमार्फत आपोआप उमटणाऱ्या प्रतिक्रियेची आहे. अन्ननलिका आणि श्वासनलिका गर्भावस्थेत अग्रांत्र या एकाच आद्य नलिकेपासून घडतात व दोहोंना व्हेगस मज्जातंतूचा पुरवठा असतो. त्यामुळे आम्ल अन्ननलिकेच्या खालच्या भागातच राहिले, तरी खोकल्याची उबळ येऊ शकते किंवा श्वासनलिका आकुंचन पावू शकतात. खोकताना पोटातील दाब वाढतो, त्याने पुन्हा द्रव वर चढतो, आणि हे चक्र स्वतःलाच पोसत राहते.

सकाळी आवाज घोगरा असणे, सतत घसा खाकरावासा वाटणे, घशात गोळा अडकल्याचा भास आणि कोरडा खोकला ही नेहमीची लक्षणे होत. रात्री उशिरा मैफल किंवा नाट्यप्रयोग आटोपून जेवणाऱ्या आणि लगेच आडवे होणाऱ्या कलावंतांना या त्रासाची शक्यता अधिक, कारण आवाजावर आधीच ताण पडलेला असतो. दातांवरील कवच सामू सुमारे ५.५ च्या खाली गेल्यावर विरघळू लागते. वरच्या पुढील दातांची आतली, टाळूकडील बाजू झिजलेली दिसली, तर या विकाराची शंका प्रथम दंतवैद्यालाच येते.

निदान अवघड आहे. दुर्बिणीतून स्वरयंत्राचा मागचा भाग लाल किंवा सुजलेला दिसणे हा पुरावा मानला जातो. परंतु तसाच लालसरपणा निरोगी माणसांत, तसेच धूम्रपान, ॲलर्जी किंवा आवाजाच्या अतिवापरामुळेही दिसतो. नाकातून बारीक नळी घालून २४ तास आम्लता आणि द्रवाची हालचाल मोजणारी तपासणी अधिक भरवशाची आहे. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेल्या खोकल्यात क्षयरोगाची तपासणी आणि तंबाखू सेवन करणाऱ्याच्या न हटणाऱ्या घोगरेपणात स्वरयंत्राची प्रत्यक्ष पाहणी आधी व्हायला हवी. ‘पित्तामुळे असेल’ असे म्हणून ती लांबवणे धोक्याचे आहे.

आम्लनिर्मिती रोखणाऱ्या गोळ्या छातीतील जळजळीवर प्रभावी असल्या, तरी येथे त्यांचे यश मर्यादित आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आटोक्यात नसलेला दमा असलेल्या पण प्रत्यावहनाची लक्षणे नसलेल्या किंवा किरकोळ असलेल्या रुग्णांना इसोमेप्रॅझोलचा लाभ झाला नाही. २०२१ च्या ब्रिटिश चाचणीत घशाच्या तक्रारींसाठी १६ आठवडे दिलेले लॅन्सोप्रॅझोल तुलनेसाठी दिलेल्या औषधविरहित गोळीहून (प्लासिबो) सरस ठरले नाही. या गोळ्यांनी आम्ल घटते, पण द्रव वर चढणे थांबत नाही, हे त्यामागचे एक संभाव्य कारण आहे. म्हणून जळजळ नसलेल्या रुग्णाला महिनोन्‌महिने गोळ्या देण्यापूर्वी प्रत्यावहनाची चाचणी करावी, अशी शिफारस ‘अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएंटेरॉलॉजी’ या जठरांत्रतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये केली. रात्रीचे जेवण आणि झोप यांत तीन तासांचे अंतर, पलंगाची डोक्याकडील बाजू उंच करणे, डाव्या कुशीवर झोपणे आणि वाढलेले वजन घटवणे या उपायांनी प्रत्यावहन कमी होते. जठराच्या मुखाशी घडी घालून झडप बळकट करण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार केवळ प्रत्यावहन तपासणीने सिद्ध झालेल्या रुग्णांतच केला जातो.