अ‍ॅनिमेशन व व्हीएफएक्सचा अध्यापक (ग्रामीण विदर्भ)

महाविद्यालयात किंवा विद्यापीठ विभागात चलचित्र घडवण्याची व चित्रणात संगणकाने दृश्य मिसळण्याची विद्या शिकवणारा शिक्षक. सहायक प्राध्यापकपदासाठी साधारणपणे ५५ टक्के गुणांची पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. नेटमध्ये अ‍ॅनिमेशनचा स्वतंत्र विषय नसल्याने उमेदवार बहुधा दृश्यकला किंवा जनसंवाद निवडतात. सुरुवात अनेकदा तासिका तत्त्वावर होते. सुट्ट्यांचा मोबदला मिळत नाही. त्यामुळे स्टुडिओचे काम सोडून गावाकडे येणाऱ्याने शोरील (आपल्या निवडक कामाची छोटी चित्रफीत) दरवर्षी अद्ययावत ठेवावी.

पहिला धडा संगणकावर नको, गोठ्यात हवा. चालत्या बैलाला मोबाइलवर बाजूने टिपून पावले मोजायला लावावीत. क्रम असा: मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा. ३२ फ्रेमचे, म्हणजे ३२ चित्रांचे, चक्र धरले तर खूर अनुक्रमे १, ९, १७ आणि २५व्या फ्रेमला टेकतात. नवखी मुले तिरपे पाय एकदम उचलतात; मग बैल चालत नाही, दुडकत जातो. वशिंड आणि गळ्याखालची पोळी अंगापेक्षा २-३ फ्रेम उशिरा हलवली की वजन दिसू लागते. तान्ह्या पोळ्यातला लाकडी बैल शेजारी ठेवावा: त्याला वजन आहे, पण चाल नाही, हा फरक मुलांना लगेच कळतो.

क्रोमासाठी (पात्रामागचा एकरंगी पडदा काढून तिथे दुसरे दृश्य बसवण्यासाठी) हिरवा पडदा ही सवय इथे नडते. श्रावणात सोयाबीन आणि तूर हिरवीगार असते. शेतात हिरवा पडदा लावून की काढली, म्हणजे तो रंग संगणकावर पारदर्शक केला, तर चौकटीत येणारे पीकही पारदर्शक होते. म्हणून निळा पडदा घ्यावा, अर्थात पात्राच्या अंगावर निळा सदरा नसावा. कापड ताणून बांधावे, कारण प्रत्येक चुणीची सावली वेगळा निळा देते. पात्र पडद्यापासून ६ ते ८ फूट पुढे उभे करावे. जवळ राहिले तर कानाच्या कडेला निळी झाक चढते. मोबाइलच्या चित्रणात रंगाची माहिती मूळ तपशिलापेक्षा कमी साठते, त्यामुळे केसांच्या कडा तुटक येतात. अशा वेळी पदर किंवा फेट्याची कड हातानेच रोटो करावी, म्हणजे फ्रेमगणिक आखून कापावी लागते.

खरी कसोटी रेंडरची, म्हणजे संगणकाकडून अंतिम चित्रे तयार करून घेण्याची. १० सेकंदांचे दृश्य म्हणजे २४ फ्रेमच्या गतीने २४० चित्रे. एकेका चित्राला ३ मिनिटे धरली तर सलग १२ तास. लाईट मध्येच गेली आणि रेंडर थेट व्हिडिओ फाइलमध्ये चालू असेल, तर बहुधा फाइल उघडतच नाही, रात्र वाया जाते. पीएनजी चित्रमालिकेत रेंडर केले तर झालेली चित्रे जागेवर राहतात; १६३वे चित्र अर्धवट राहिले असेल तर तेवढे पुसून तिथूनच पुढे चालवावे. ब्लेंडर या अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘ओव्हरराइट’ (जुन्या फाइलवर नवी लिहिणे) बंद ठेवले की आधीची चित्रे तो आपोआप वगळतो. यूपीएसवर रेंडर रेटू नये. लाईट गेल्यावर तो देतो ती मोजकी मिनिटे फाइल जतन करून संगणक नीट बंद करण्यासाठी आहेत. म्हणून परीक्षेचे काम अंतिम तारखेच्या किमान ४ दिवस आधी रेंडरला लावायला अध्यापकाने सांगावे.