चष्म्याचा नंबर घालवणारी लेसर शस्त्रक्रिया : पार्श्वभूमी

भुसावळ, चाळीसगाव, अमळनेर भागात भरतीची तयारी करणाऱ्या मुलांच्या घरी, तसेच लग्नाचे वय झालेल्या मुलामुलींच्या घरी, चष्म्याचा नंबर लेसरने घालवून घ्यावा का, हा विषय कधी ना कधी निघतोच. ही शस्त्रक्रिया सुरक्षित मानली जाते आणि बव्हंशी ते खरेही आहे. मात्र तिच्या वाटचालीत फायदा दुसऱ्या दिवशी दिसला आणि तोटा कळायला वर्षे गेली, असे पुन्हापुन्हा घडले आहे. शस्त्रक्रियेआधीच्या आजच्या तपासण्यांपैकी बऱ्याचशा त्या उशिरा आलेल्या शहाणपणातून रूढ झाल्या.

बुबुळापुढच्या पारदर्शक पडद्याचा, म्हणजे कॉर्नियाचा, बाक कमी केला की मायनस नंबर उतरतो. जपानमध्ये त्सुतोमू सातो यांनी १९४० च्या आसपास कॉर्नियाला आतल्या बाजूने चिरा देऊन तो उतरवला. त्या बाजूला असलेला पेशींचा एकपदरी थर कॉर्निया पारदर्शक ठेवतो आणि एकदा नष्ट झाला की पुन्हा वाढत नाही, हे तेव्हा माहीत नव्हते. कालांतराने त्यांच्या अनेक रुग्णांचे कॉर्निया सुजून पांढुरके झाले. १९७० च्या दशकात मॉस्कोमध्ये स्व्यातोस्लाव फ्योदोरोव यांनी बाहेरून चिरा देण्याची पद्धत रूढ केली. अमेरिकेत तिचा दहा वर्षे पाठपुरावा झाला आणि १९९४ मध्ये निष्कर्ष आले : पहिल्या सहा महिन्यांनंतरच्या काळात ४३ टक्के डोळ्यांचा नंबर प्लसच्या दिशेने एक किंवा त्याहून अधिक सरकला होता. नंबर गेला असे ज्यांना वाटले होते, त्यांतल्या अनेकांना उलट्या बाजूचा चष्मा लागला.

लेसरचा प्रवेश नेत्रचिकित्सेतून झाला नाही. मद्रास विद्यापीठात शिकलेले रंगास्वामी श्रीनिवासन अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत एक्सायमर या अतिनील किरणांच्या लेसरवर काम करत होते. नोव्हेंबर १९८१ मध्ये सणाच्या जेवणातले उरलेले टर्की पक्ष्याचे मांस त्यांनी या लेसरखाली धरले, तेव्हा आजूबाजूचा भाग न जळता ऊती स्वच्छ कापली गेली. (चुलीवरच्या उरल्यासुरल्याचा विज्ञानाला इतका उपयोग क्वचितच झाला असेल.) १९८३ मध्ये नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांच्यासोबत त्यांनी तो कॉर्नियासाठी सुचवला. अमेरिकेत १९९५ मध्ये पृष्ठभागावरच्या लेसर उपचाराला मान्यता मिळाली. दरम्यान कोलंबियातील होसे इग्नासियो बाराकेर यांची कॉर्नियाचा पापुद्रा कापण्याची जुनी कल्पना आणि हा लेसर यांचा मेळ क्रीटमधील योआनिस पालिकारिस आदींनी १९९० च्या सुमारास घातला. पापुद्रा उचलायचा, खालचा भाग लेसरने खरवडायचा आणि पापुद्रा परत बसवायचा, तीच लॅसिक.

पुढचा धक्का १९९८ मध्ये बसला. लॅसिकनंतर काही डोळ्यांचा कॉर्निया पुढे फुगत जातो, असे जर्मनीतील थिओ झायलर यांनी नोंदवले. कारण हिशेबात होते. समजा, कॉर्नियाची जाडी ५०० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आहे, जुन्या पात्याने त्यातला १६० चा पापुद्रा उचलला आणि मायनस ९ नंबरसाठी लेसरने सुमारे १२५ मायक्रॉन खरवडले. तर डोळ्याचा ताण पेलायला खाली २१५ उरतात, कारण परत बसवलेला पापुद्रा फारसा आधार देत नाही. किमान २५० राहावेत, हा दंडक यानंतर सर्वत्र रुजला. कॉर्निया मुळातच वेडावाकडा वा नाजूक असेल, तर तेवढेही पुरत नाहीत. म्हणून टोपोग्राफी, म्हणजे कॉर्नियाच्या चढउतारांचा नकाशा, पाहिल्याशिवाय होकार देणारा दवाखाना टाळावा. पात्याऐवजी फेम्टोसेकंद लेसर (अत्यंत क्षणिक स्पंदनांचा लेसर) आल्याने पापुद्रा पातळ झाला आणि २०११ च्या सुमारास पुढे आलेल्या स्माइल पद्धतीत तो कापावाच लागत नाही. जाडीचा हिशेब मात्र तिलाही चुकत नाही.

रुग्णांना स्वतःला काय जाणवते, हे पद्धतशीर विचारले गेले ते बरेच उशिरा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहण्यांत ९५ टक्क्यांहून अधिक लोक समाधानी होते. तरीही आधी तशी काहीच तक्रार नसलेल्यांपैकी ४० टक्क्यांहून अधिक जणांना तीन महिन्यांनी दिव्यांभोवती वलये, किरणे वा दुहेरी प्रतिमा यांपैकी काहीतरी नव्याने दिसत होते. त्यामुळे दैनंदिन कामात फार अडचण येणारे एक टक्क्याहून कमी होते. कोरडेपणा आधी नसलेल्यांपैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक लोकांना तो नव्याने जाणवला.

खान्देशात हा शेवटचा मुद्दा हलक्यात घेऊ नये. पापुद्रा कापताना अश्रूंना चालना देणाऱ्या नसा तुटतात आणि त्या भरून यायला काही महिने लागतात. हे महिने चैत्र-वैशाखात आले आणि पारा ४५ च्या आसपास असताना जिनिंगच्या धुळीत किंवा दुचाकीवर दिवस काढावा लागला, तर डोळे चुरचुरणारच. पापणीखाली कागदाची पट्टी ठेवून पाच मिनिटांत ती किती मिलिमीटर भिजते, हे पाहण्याची साधी चाचणी त्यासाठीच असते. पाचपेक्षा कमी भिजली, तर घाई करण्यात अर्थ नाही. उन्हाळ्यात डोळ्यांना खाज सुटून ते सतत चोळणाऱ्या मुलांचा कॉर्निया तर विशेष बारकाईने पाहावा लागतो, कारण चोळण्याने तो कमजोर होऊ शकतो.

भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात आणखी एक गोष्ट आधी पाहायला हवी. सहायक लोको पायलटच्या भरतीत लॅसिक झालेला उमेदवार वैद्यकीयदृष्ट्या अपात्र ठरतो, म्हणजे ज्या नोकरीसाठी नंबर घालवायचा, तीच हातची जाते. लेसरने चाळिशीही टळत नाही. वाचायचा चष्मा वेळ आली की लागतोच. पुढे मोतीबिंदू झाला, तर आत बसवायच्या भिंगाचा नंबर काढणारी नेहमीची सूत्रे अशा डोळ्यांत चुकतात, आणि तेव्हा शस्त्रक्रियेपूर्वीच्या मूळ मोजमापांची डॉक्टरांना मदत होते. नाशिक-पुण्याला जाऊन शस्त्रक्रिया केलेल्यांनी ती फाइल घरी जपून ठेवावी.