अधिस्वीकृती, व्यावसायिक संज्ञापकांची

एखाद्या संस्थेच्या वतीने कर्मचारी, ग्राहक, भागधारक आणि प्रसारमाध्यमे यांच्याशी संवाद सांभाळणाऱ्या व्यक्तीची पात्रता पारखून तिच्याच व्यवसायातील संघटनेने दिलेली मान्यता. अधिस्वीकृती म्हटले की मराठी वाचकाला पत्रकारांचे कार्ड आठवते. इथे तो अर्थ नाही. हा परवानाही नव्हे. नोंदणीवाचून वकिली करता येत नाही, पण जनसंपर्क अधिकारी म्हणून पाटी लावायला बहुतेक देशांत कोणाची आडकाठी नाही.

परवाना सक्तीचा करावा, असा आग्रह जनसंपर्काच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक, एडवर्ड बर्नेज (१८९१–१९९५) यांनी उतारवयात धरला होता. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर तो मान्य झाला नाही. बोलण्या-लिहिण्यावरच ज्याचे पोट आहे त्याला सरकारी परवाना लावणे म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्यालाच हात घालणे, हा आक्षेप वजनदार आहे. ब्राझीलने मात्र १९६७ मध्ये कायदा करून हा व्यवसाय नियमबद्ध केला. इतरत्र ऐच्छिक मान्यतेची वाट रुळली. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ अमेरिकेने १९६४ मध्ये ‘एपीआर’ ही अधिस्वीकृती सुरू केली. गृहपत्रिकांच्या संपादकांच्या दोन संघटना एकत्र येऊन १९७० मध्ये इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ बिझनेस कम्युनिकेटर्स म्हणजे ‘आयएबीसी’ उभी राहिली. तिची मान्यता म्हणजे ‘एबीसी’; ती मिळवणारा ही अक्षरे नावापुढे लावतो. ब्रिटनमधील जनसंपर्क संस्थेला २००५ मध्ये राजसनद मिळाली आणि पुढे व्यक्तींनाही सनदी दर्जा देण्याची सोय झाली.

‘एबीसी’साठी केलेल्या कामाचे नमुने, लेखी परीक्षा आणि तोंडी परीक्षा असे टप्पे असत. त्यांतला खरा कस नमुन्यांत लागे. समजा, नव्या निवृत्तिवेतन योजनेची माहिती कर्मचाऱ्यांना देण्याची मोहीम उमेदवाराने मांडली. पत्रके देखणी, मजकूर नेटका, आणि उद्दिष्टाच्या रकान्यात लिहिलेले ‘जागरूकता निर्माण करणे’. परीक्षक इथेच अडवतो. किती जणांनी ठरल्या तारखेआत अर्ज भरावेत अशी अपेक्षा होती? आधी किती जणांना योजना ठाऊक होती? पत्रकच का, खातेप्रमुखांच्या तोंडून का नाही? या प्रश्नांची उत्तरे मोहीम संपल्यावर तयार करता येत नाहीत. ती आधी ठरवलेली असावी लागतात. रोजच्या धांदलीत, ‘संध्याकाळपर्यंत परिपत्रक काढा’ अशा हुकमांखाली हा विचार राहून जातो. अधिस्वीकृतीचे सर्वांत मोठे मोल, प्रस्तुत नोंदीच्या मते, या तयारीत आहे. नावापुढची अक्षरे त्यानंतर येतात.

बाजारातील मोलाबद्दल इतक्या खात्रीने बोलता येत नाही. नेमणूक करणाऱ्याला ही अक्षरे ओळखीची असतील तरच ती उपयोगी पडतात, आणि व्यवसायाबाहेर ती फारशी कोणाला ठाऊक नसतात. स्वतंत्र सल्लागाराला, किंवा देश बदलून नव्याने उभे राहणाऱ्याला त्यांचा आधार अधिक; जुन्या संस्थेत नाव झालेल्याला कमी. आणखी एक फायदा आचारसंहितेचा. वरिष्ठांनी दिशाभूल करणारे निवेदन काढायला सांगितले, तर ‘मला पटत नाही’ यापेक्षा ‘माझ्या व्यवसायाची संहिता हे करू देत नाही’ हे उत्तर देणे सोपे जाते. अर्थात संघटना फार तर मान्यता काढून घेईल. व्यवसाय बंद करण्याचा अधिकार तिला नाही.

मान्यता एकदाच द्यावी की वेळोवेळी तपासावी, हाही वादाचा मुद्दा. ‘एपीआर’चे दर तीन वर्षांनी नूतनीकरण करावे लागते, ‘एबीसी’ आयुष्यभरासाठी असे. व्यक्तींच्या प्रमाणनासाठी असलेले १७०२४ क्रमांकाचे आंतरराष्ट्रीय मानक पुनर्प्रमाणनाची अपेक्षा धरते. ‘आयएबीसी’ने पुढे ‘एबीसी’ला नवे उमेदवार घेणे थांबवले आणि त्या मानकाला धरून नवी प्रमाणपत्रे उभी केली. आधी मिळवलेली ‘एबीसी’ ही अक्षरे मात्र जुन्या धारकांकडेच राहिली.